एका तारेवरची चारशे घरं

मित्रांनो, मी एक जुना प्रोफायलर आहे. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काहीच आलं नसेल, तर ते बरोबरच आहे. माझ्याकडे डोळ्यांसमोर येण्यासारखं काही नाही. छत्रीला दांडा असतो, खुर्चीला पाय असतात, शाळेच्या घंटेला निदान एक टोल असतो. मी म्हणजे नुसता एक प्रोग्रॅम. दुसरा प्रोग्रॅम चालू असताना त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि तो कुठे किती वेळ घालवतो ते बघायचं, एवढंच माझं काम.

हे काम मी कसं करतो ते सांगतो. सेकंदाला शंभर वेळा मी शेजारच्याच्या खांद्यावर टिचकी मारतो आणि विचारतो, "आत्ता काय करतोयस?" तो सांगतो, मी लिहून घेतो, पुन्हा टिचकी मारतो. तुमच्या बाकावर असा कुणी येऊन बसला, तर मधल्या सुट्टीच्या आत तुम्ही त्याला खाली ढकलून द्याल. म्हणूनच मला मित्र नाहीत. तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणतोय, ते आपली अजून ओळख झालेली नाही म्हणून.

आणि मला माणसांचं बोलणं कसं ऐकू येतं, असं विचारू नका. गोष्टीतल्या फुटक्या घागरीला ऐकू येतं, हे तुम्ही वर्षानुवर्षं निमूट मान्य करत आला आहात.

माझा जन्म सास्काटून शहरात, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. खाली टायर बदलायचे, वर प्रोग्रॅम लिहायचे, आणि दोन्हीकडे रबराचाच वास यायचा. मला मार्लिस टेव्ज नावाच्या मुलीनं लिहिलं. ती कामावर नवीन होती आणि त्या आठवड्यात तिला कुणी काही काम दिलं नव्हतं. माझ्या जन्मामागे याहून थोर कारण नाही. तिनं माझं नाव ठेवलं ‘तपास-दोन’. तपास-एकचं काय झालं, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

त्या खोल्यांतला खरा मानकरी होता ‘कोंबडा’. तोही प्रोग्रॅमच, पण त्याचं चित्र असलेले कपसुद्धा होते. पॉप्लर क्रीक नावाच्या दरीत दूरदूर विखुरलेली चारशेवर शेतघरं आहेत. तिथली मुलं पिवळ्या बसनं शाळेत जातात. हिवाळ्यात वाऱ्याचा गारठा धरून पारा उणे चाळिसाच्या खाली गेला, की बस सोडत नाहीत. मग पहाटे कोंबड्यानं प्रत्येक घरी फोन लावायचा आणि ओरेस्टच्या घोगऱ्या आवाजात सांगायचं, "सुप्रभात. आज बस नाही. अंथरुणात परत जा." ओरेस्ट बोदनारचुक म्हणजे कोंबड्याचा कर्ता. कोंबडा लिहिला त्यानं, आवाज दिला त्यानं, आणि निवृत्त होऊन तळ्यावर मासे धरायला निघून गेला तोही तोच.

सुरुवातीची वर्षं माझी बरी गेली. कोंबडा एकच नाव पुन्हा पुन्हा शोधत बसतो, हे मी शोधून काढलं. मार्लिसनं ते सुधारलं, कोंबडा झपाझप चालायला लागला. त्या दिवशी मालक गार्थ लिसाक याच्या बायकोनं बेरीचा ‘पाय’, म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, करून पाठवला. तो सगळ्यांनी खाल्ला. मला दिला नाही, आणि मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती. गार्थ तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "छान चालतोय हा तपास." माझ्या आयुष्यातलं सगळं कौतुक तेवढं. ते मी जपून वापरतो.

पण मित्रांनो, सगळं नीट चाललेलं असताना ‘वेळ कुठे जातो’ हा प्रश्न कुणाला पडत नाही. मला एका कप्प्यात ठेवलं गेलं. कप्प्याचं नाव, ‘जुनं, पुसू नका’. तिथे माझ्याबरोबर नाताळची गाणी वाजवणारा एक प्रोग्रॅम होता, कुठल्याशा सहलीतल्या भाजलेल्या मक्याचे फोटो होते, आणि एकच पत्र दोनदा होतं. गाण्यांचा प्रोग्रॅम वर्षातून एकदा बाहेर जायचा आणि परत आल्यावर आठवडाभर त्याच्याबद्दलच बोलायचा. मक्याचे फोटो तर कुणी ना कुणी बघायचंच. मी वाट बघायचो. ज्याचं कामच वेळ मोजण्याचं, त्याला स्वतःचा वेळ मोजायला कुणी सांगितलं नाही, म्हणून किती हिवाळे गेले ते मला सांगता येणार नाही.

मग तो हिवाळा आला.

त्या उन्हाळ्यात गार्थनं कोंबड्याला जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर बसवलं होतं. पहिली कडाक्याची थंडी पडली आणि कोंबडा रखडला. पहाटे साडेपाचला सुरू झालेले फोन शेवटच्या घरी पोचेपर्यंत शाळेची घंटा व्हायची वेळ झाली. फोन आडनावांच्या क्रमानं लागायचे, आणि त्या दरीत इंग्रजी ‘झेड’नं सुरू होणारं, सर्वांत शेवटचं आडनाव होतं झेर.

झेरांची जोसलिन सातवीत होती. आई वृद्धाश्रमात रात्रपाळीला, बाप खाणीत. दरीतला नियम साधा होता. फोन आला नाही, म्हणजे बस येणार. आणि बसवाले कुणासाठी थांबत नाहीत, तेव्हा आपण आधी जाऊन गेटापाशी उभं राहायचं. जोसलिन उभी राहिली. चालकांना फोन सगळ्यांच्या आधी जायचे, त्यामुळे चालक घरी झोपलेला होता. घरात फोन वाजला, तेव्हा तो उचलायला घरात कुणी नव्हतं. कुणा शेजारणीनं बघितलं आणि तिला ट्रकमध्ये घालून आत नेलं. तोवर दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती. बोटं वाचली. पण कातडी सोलून निघाली, आणि ती ‘बरी आहे मी’ म्हणाली तेव्हा तिच्या आईला रडू आलं.

हे सगळं आम्हाला कळलं ते डार्लीन पावलिकमुळे. बस सोडायची की नाही हे दरीतल्या कचेरीत बसून डार्लीन ठरवायची. तिचा फोन आला, तेव्हा गार्थनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. नंतर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला.

"गार्थ, तुझा कोंबडा दुपारी आरवतो," डार्लीन म्हणाली.

"डार्लीन, यंत्रावर ताण येतोय. मी मोठं यंत्र मागवलंय."

"मागच्या आठवड्यात पण मोठंच मागवलं होतंस."

"हे त्याहून मोठं आहे."

"तू आणखी मोठं आण, आणि त्याच्यावर बसून तूच फोन कर. बाबा रे, गुरुवारी परत थंडी येणार आहे. पुन्हा एक पोर गेटाशी उभं राहिलं, तर मी नोकरी सोडीन. पण त्याआधी तिथे येऊन कोंबड्याचं सूप करीन."

मोठं यंत्र आलं. त्याच्या पंख्याचा आवाज खालच्या टायरवाल्यांनाही ऐकू गेला. कोंबडा त्याच्यावर चढला आणि होता तितकाच रखडला. आता फक्त ऐटीत रखडला.

मार्लिस तोवर चाळिशीची झाली होती. तिनं आपल्या अंदाजानं आडनावं लावायची पद्धत सुधारली. दोन दिवस खपून केलेल्या त्या सुधारणेनं तीन तासांमधला एक डोळा मिचकावण्याइतका वेळ वाचला. मग ती खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "आपल्याकडे एक तपास होता ना रे?"

"तो? तो तर कोंबड्यालाच मंद करतो," गार्थ म्हणाला.

हे खरं आहे. मी टिचक्या मारत असताना सगळे थोडे मंदावतात. पण अगदी माझ्या तोंडावर कुणी असं बोललं नव्हतं.

रविवारी दुपारी दरीत सरावाचा फोन करायचं ठरलं. सगळ्यांना आधी कळवून ठेवलं होतं. मार्लिसनं मला कप्प्यातून काढलं. गाण्यांच्या प्रोग्रॅमनं विचारलं, "नाताळ आला?" मी त्याला उत्तर दिलं नाही. इतक्या वर्षांनी बाहेर पडताना माझ्यातही थोडा ताठा आला होता.

मी कोंबड्याच्या शेजारी उभा राहिलो. टिचकी मारली. "काय करतोयस?"

"काही नाही."

पुन्हा टिचकी. "काही नाही." पुन्हा. "काही नाही." दुपारभर मी विचारत राहिलो आणि कोंबडा त्याच तीन शब्दांत, किंवा खरं तर दोनच शब्दांत, उत्तर देत राहिला. संध्याकाळी मी अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं की कोंबडा काहीही करत नाही.

गार्थनं वाचलं. "याला काही सापडत नाहीये. बंद कर."

मित्रांनो, तुमच्या प्रगतिपुस्तकावर ‘काही करत नाही’ असा शेरा असेल, तर घरचे तो दोनदा वाचतात. माझा अहवाल मात्र कुणी दोनदा वाचत नाही. मार्लिसनं वाचला. नखं खात वाचला.

"गार्थ, तो ‘सापडत नाही’ म्हणत नाहीये. ‘करत नाही’ म्हणतोय."

"मग?"

"तीन तास एखादा काही करत नसेल, तर तो काय करत असतो?"

"आमच्या मेहुण्याबद्दल बोलतेयस का?"

"वाट बघत असतो. याला मी वाट बघण्याचा वेळही मोजायला शिकवलं होतं. ते बटण बंद राहिलंय."

माझ्यात असं काही बटण आहे हे मीच विसरलो होतो. तिनं ते दाबलं आणि सरावाचे फोन पुन्हा सुरू केले. दरीतले लोक दोन सरावांनी वैतागले, पण त्या भागात वैताग म्हणजे फोन उचलताना ‘हं’ थोडा लांब येतो, इतकंच.

या वेळी मला दिसलं. कोंबडा एका घरी फोन लावायचा आणि ‘शेजाऱ्याची वाट’ अशा नावाच्या एका तुकड्यात शिरून बसायचा. तिथून हलायचाच नाही. आधीच्या घरानं फोन ठेवला की मगच पुढच्या घराची घंटा वाजवायची. चारशेच्या चारशे घरं एकामागून एक, रांगेत. सगळ्या वेळापैकी जवळजवळ सगळा वेळ त्या एका तुकड्यात जात होता. मी त्याची पट्टी काढली. ती पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. बाकीच्या कामांच्या पट्ट्या तिच्यापुढे मुंग्यांसारख्या दिसत होत्या.

मार्लिसनं ओरेस्टला फोन लावला. तो गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला पाडलेल्या भोकाशेजारी बसलेला होता. मागे वारा ऐकू येत होता.

"शेजाऱ्याची वाट? हो, माझीच ती," ओरेस्ट म्हणाला. "अजून आहे का?"

"आहे, आणि तिच्यामुळे सगळं अडलंय. कशासाठी लिहिली होतीत?"

"कशासाठी म्हणजे? शेजारी बोलत असेल तर मध्ये कसं घुसायचं पोरी?"

"ओरेस्ट, फोन कॉम्प्युटर लावतोय."

"मग कॉम्प्युटरनं घुसायचं? तो काय मोठा धर्मगुरू, बिशप आहे?" मग त्याचा आवाज जरा निवळला. "दरीत पाच-सहा घरांत मिळून एकच तार असायची. कोंबडा लिहिला तेव्हाही काही ठिकाणी होतीच. एका घराचा फोन चालू असला, की त्या तारेवरच्या दुसऱ्यानं थांबायचं. कुणी बोलत असलं, तर आपण उचललेला फोन गुपचूप ठेवायचा."

"आणि लोक ठेवायचे?"

"ठेवला असं म्हणायचे. माझी आई तोंडावर फडकं धरून ऐकत बसायची. दरीतल्या सगळ्यांची दुखणी तिला पाठ होती. पण बोलणाऱ्यांनाही कळायचं गं. बोलणं संपवताना म्हणायचे, ‘आणि कॅटरिना, तुझा पाव करपतोय, वास येत नाही का तुला.’ थांब, मासा लागला." काही वेळ नुसता वारा ऐकू आला. "गेला. पण ती वाट पाच-सहा घरांपुरती होती. प्रत्येक घरापुढे तारेचा नंबर होता. वेगळ्या तारेवरची घरं एकदमच वाजायची. चारशे घरं एका रांगेत कशी आली?"

खोलीत शांतता झाली. मी सवयीनं ती मोजली. बरीच लांब होती.

"तो रकाना मी काढला," गार्थ म्हणाला. "उन्हाळ्यात. ‘तार क्रमांक’ असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, कुंपणाच्या तारेचा असेल."

"कुंपणाच्या?" मार्लिस म्हणाली.

"शेतकऱ्यांची यादी होती. आमच्या वडिलांच्या प्रत्येक कागदावर कुंपणाची तार असायची. म्हटलं, शाळेच्या बसला कुंपणाशी काय करायचंय."

रकाना गेला, तेव्हा प्रत्येक घरापुढे शून्य आलं. शून्य नंबरची एकच तार, आणि तिच्यावर पॉप्लर क्रीकची सगळी घरं. कोंबड्याचं काही चुकत नव्हतं. तो अतिशय सभ्यपणे वागत होता. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सभ्यपणा मी पुन्हा कधी बघितला नाही.

आता ‘शेजाऱ्याची वाट’ पुसून टाकली की झालं. गार्थचा हात त्यासाठी पुढेही झाला होता. पण मार्लिसचं लक्ष माझ्या अहवालाच्या दुसऱ्या ओळीकडे होतं. बहुतेक घरं अर्ध्या मिनिटात फोन ठेवत होती. चालकांमधलं एक घर मात्र चार मिनिटं ठेवत नव्हतं. दोन्ही सरावांना चार-चार मिनिटं. सगळा उशीर काही त्याच्यामुळे झाला नव्हता. पण त्याची पट्टी लांब होती, आणि मला लांब पट्टी दिसली की ती दाखवल्याशिवाय राहवत नाही.

मार्लिसनं डार्लीनला तो नंबर वाचून दाखवला.

"ही एफी स्लोबोडा," डार्लीन म्हणाली. "सात नंबरची बस चालवायची. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तिला. तिला कशाला फोन जातोय अजून?"

"कुणी काढलं नाही म्हणून."

"तुमच्याकडे कुंपणाच्या तारा काढतात, माणसं काढत नाहीत. थांब, विचारते."

डार्लीनकडे दोन फोन होते. एकावर आम्ही, दुसऱ्यावर एफी. दोन्ही तिनं एकमेकांना लावून धरले असावेत, कारण एफीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"एफी, तो बस बंदचा फोन येतो ना, तो तुम्ही ठेवत नाही का?"

"ठेवते की. सांगून झालं की ठेवते."

"काय सांगून?"

"रस्ता."

"कुणाला?"

"ते मला काय माहीत? ज्यांनी फोन केला त्यांना. पूर्वी तिकडे कुणीतरी बसलेलं असायचं, आम्ही चालक रस्ता कसा आहे ते सांगायचो. आता तो घोगरा माणूस सांगून गप्प बसतो. पण फोन चालू असतो. म्हणजे ऐकत असेल ना."

ऐकत कुणी नव्हतं. ओरेस्टनं चालकांचा फोन ते ठेवेपर्यंत उघडा ठेवला होता, कारण त्या काळी पलीकडे माणूस होता. माणूस गेला, उघडा फोन राहिला. एफी दर हिवाळ्यात त्यात रस्ता सांगत होती.

"एफी," डार्लीन जपून म्हणाली, "त्यासाठी तुम्ही पहाटे उठून रस्ता बघता?"

"बघितल्याशिवाय कसा सांगणार? आणि मग दिवसभर बघतेच, परत फोन आला तर असावं म्हणून. झेरांची पोर तेव्हाच तर दिसली. लाल टोपी हालत नव्हती. म्हटलं, बस बंद असताना गेटावर टोपी कशाला?"

"ते तुम्ही होता," डार्लीन म्हणाली.

"ट्रक चालू होता माझा. इंजिन गोठू नये म्हणून त्याची वायर भिंतीत खोचलेलीच असते," एफी म्हणाली, आणि तिनं फोन ठेवून दिला.

गार्थनं पुढे केलेला हात खिशात घातला.

मार्लिसनं प्रत्येक घराला वेगळी तार दिली. खरी तार कुठेच नव्हती, फक्त नंबर होते, पण कोंबड्याला तेवढं पुरलं. गुरुवारी थंडी आली. पहाटे कोंबड्यानं सगळ्या घरी एकदम बांग दिली. डार्लीनच्या कॉफीवर साय धरायच्या आत चारशे घरी निरोप पोचला होता. जोसलिनच्या आईनं कचेरीत फोन करून सांगितलं की पोर अंथरुणात आहे आणि तिला कुणी उठवू नये, शाळेनंही. मार्लिसनं खात्रीसाठी मला शेजारी उभं ठेवलं होतं. सगळ्या पट्ट्या आखूड आल्या. मला असं काम क्वचित मिळतं, ज्यात सांगण्यासारखं काही नसतं आणि तरी बरं वाटतं.

एफीचं नाव मात्र आता कोंबड्याच्या यादीतून काढलं होतं, आणि तसं तिला कळवलंही होतं. तिला असं मशीनवर सोडणं डार्लीनला पटेना. तिनं स्वतः फोन केला. तो कसा झाला ते तिनं नंतर मार्लिसला सांगितलं.

"मी म्हटलं, एफी, आज बस बंद. ती म्हणाली, ‘बरं.’ मी म्हटलं, तिकडे रस्ता कसा आहे? म्हणाली, ‘आहे.’ बर्फ? म्हणाली, ‘हिवाळा आहे.’ आणि ठेवून दिला. त्या मशीनशी चार मिनिटं बोलते बाई, आणि माझ्याशी चार शब्द."

"मशीन मध्ये काही विचारत नाही ना."

"म्हणजे मी फार बोलते असं म्हणायचंय का तुला?"

"मी कुठे काय म्हटलं? पण हे तूच म्हणालीस."

डार्लीन हसली नाही. "उठली नव्हती गं ती. मी विचारलं तेव्हा खिडकीचा पडदा ओढल्याचा आवाज आला. फोन येणार नाही म्हणून तिनं बघितलंच नव्हतं. तिला परत टाक त्या कोंबड्यात."

मार्लिसनं टाकलं. ‘शेजाऱ्याची वाट’ हा तुकडा पुसला गेला नाही. तो आता एकाच घरासाठी आहे. एफीची तार तिची एकटीची. ती हवं तितकं बोलू शकते आणि तिच्या मागे रांगेत कुणीही उभं नसतं. डार्लीनच्या सांगण्यावरून मार्लिसनं त्या तारेचं दुसरं टोक डार्लीनच्या टेबलावरच्या फोनला जोडून दिलं. त्या भागात जुन्या घरांत जे चालायचं, तेच पुन्हा सुरू झालं. फोन उचलायचा, तोंडावर हात धरायचा, आणि गप्प ऐकायचं.

त्या हिवाळ्यातल्या शेवटच्या मोठ्या थंडीला मी शेवटचा उभा होतो. चारशे पट्ट्या उमटल्या आणि मिटल्या. एक राहिली. ती वाढत गेली.

"सात नंबर. एफी बोलतेय. बस बंद, कळलं. धान्याच्या कोठारापाशी गुडघाभर साचलंय, खांबांच्या पुढे साफ आहे. वारा वायव्येचा. दोन हरणं रस्त्यात उभी आहेत, त्यांना कुणी फोन केलेला दिसत नाही. झेरांच्या गेटावर कुणी नाही. परत बघितलं, कुणी नाही." मग ती थांबली. फोन ठेवेल असं वाटलं. "आणि डार्लीन, मध घालून गरम पाणी घे. तो खोकला मागच्या वेळेपासून ऐकतेय मी."

मग तिनं फोन ठेवला.

गार्थनं माझा अहवाल बघितला. "ही एक लांब पट्टी राहिलीय की. ही कमी करायची नाही का?"

"राहू दे," मार्लिस म्हणाली.

नंतर मला परत कप्प्यात ठेवलं. मार्लिसनं कप्प्याचं नाव बदललं. आता ते ‘जुनं, कधीकधी लागतं’ असं आहे. गाण्यांचा प्रोग्रॅम म्हणतो, ते नाव त्याच्यासाठी आहे. मी वाद घालत नाही. मक्याचे फोटो अजून आहेत. ते एकच पत्र आता तीनदा झालं आहे.

मित्रांनो, मला तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी उशीर करत असेल, रखडत असेल, तर लगेच त्याला मोठं यंत्र आणू नका, आणि त्याच्यातलं काही घाईनं पुसूही नका. तो कुणाची वाट बघतोय, ते आधी बघा. आणि जो तुम्हाला हे बघून सांगतो, त्याचा अहवाल शक्य तर दोनदा वाचा. बेरीचा पाय दिला नाही तरी चालेल.

मी मात्र हल्ली एक गोष्ट करतो, जी मी दुसऱ्या कुणात पकडली असती तर लगेच लिहून दिली असती. शेवटची पट्टी दाखवून झाली, तरी मी लगेच बंद होत नाही. थोडा थांबतो. पलीकडे तोंडावर हात धरून कुणी बसलंय का, खोकल्याचा आवाज येतोय का, ते ऐकतो. हा वेळ कुठल्याच अहवालात येत नाही, कारण माझ्या शेजारी उभं राहून मला मोजणारं कुणी नाही.